कोठीशेजारची बाज

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. जुनी म्हणजे फार पुरातन नव्हे. केजमध्ये घरोघरच्या माळवदावर टीव्हीचे अँटेना उभे राहू लागले, त्या सुमाराचा माझा जन्म. पण एकदा गंज चढला की पत्र्याचं वय कोणी विचारत नाही. मित्रांनो, इतर वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा त्यात काही ना काही मर्दुमकी असते. माझ्याकडे तसलं काही नाही. मी जन्माची भित्री. दार आपटलं तरी माझं झाकण खडखडतं. तेव्हा माझी गोष्टही भीतीचीच असणार, हे आधीच सांगून टाकते.

केजच्या बाजारतळाजवळ बंकट नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या माणसानं मला घडवलं. उंच, गोल अंग, वर घट्ट बसणारं झाकण, आणि खाली दाणे काढायला एक सरकती झडप. ही झडप शेवटपर्यंत नीट बसली नाही. नखभर फट राहिलीच. बंकटनं दोनदा ठोकून पाहिलं आणि हातोडी बाजूला ठेवली. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. एवढ्या फटीतून काय जवारीचा दाना निसटतोय?" त्याचं बरोबर होतं. दाणा कधीच निसटला नाही.

मला रुद्रप्पांनी घेतलं. केजपासून जीपनं थोडंसं आत त्यांचं गाव. थोडी शेती, आणि दाराशीच किराणा दुकान. घरात त्यांची बायको शांतादेवी, आणि मुलगा सिद्धाराम; मुलगी प्रणिता सासरी गेलेली. मला बैलगाडीतून उतरवलं तेव्हा शांतादेवींनी माझ्या पोटावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि आतल्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीला उभं केलं. शेजारणी यायच्या, माझ्यावर टिचकी मारून आवाज ऐकायच्या आणि म्हणायच्या, "उंदराची आता काय टाप हाय." मी आतून फुगून जायची. कौतुक कोणाला नको असतं?

उंदीर गेले, पण सोंडे आले. दाण्याला भोक पाडून आतलं पीठ खाणारा हा तिळाएवढा किडा. शांतादेवी ज्वारी भरताना गोवऱ्यांची राख चाळून मिसळायच्या, कडुनिंबाचा वाळला पाला घालायच्या. सोंडे कमी व्हायचे, संपायचे नाहीत. शिवाय भाकरीत कधीकधी राख कचकचायची. सिद्धाराम विशीतला, नव्या हवेचा पोरगा. ताटावर बसला की तोंड वाकडं करायचा. "माय, जग कुठं चाललंय अन् आपन राख खातोय," असं म्हणायचा. त्या वर्षांत केजच्या दुकानांतून रोज काही नवं येत होतं. चकचकीत पाकिटं, परदेशी नावं, भिंतीवर डोलणाऱ्या पिकांची चित्रं. जे नवं ते चांगलं, असा सगळ्यांचाच भाव होता. मलाही तसंच वाटायचं, कारण मीही नवीच होते.

अशात प्रणिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आतली खोली, म्हणजे माझी खोली, बाळंतिणीची झाली. माझ्यापासून हातभर अंतरावर तिची बाज टाकली. लिंगायत घरच्या रीतीप्रमाणे बाळाच्या गळ्यात इवलंसं लिंग बांधून झालं होतं, बारसं अजून व्हायचं होतं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून शांतादेवींनी खिडकी लावून घेतली, फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, दाराला घोंगडी टांगली. सकाळ-संध्याकाळ ओवा, बाळंतशोपा आणि लसणाच्या सालांची धुरी व्हायची. खोलीत तो उग्र, उबदार वास कायम भरलेला असायचा. मला तो फार आवडायचा. माझ्या मागच्या सांदीत घरच्या मांजरीनंही तेच दिवस गाठून पिल्लं घातली होती. म्हणजे खोलीत दोन बाळंतिणी होत्या, आणि दोघींची राखण माझ्याकडे आहे अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

एका सकाळी प्रणिता न्हाणीत गेली होती. बाळाला तेल लावायला शांतादेवी अंगणाकडच्या पडवीत बसल्या होत्या. सिद्धाराम आत आला. त्याच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. त्यानं माझं झाकण उघडलं, राखाडी रंगाच्या चार-पाच जाड गोळ्या ज्वारीत खोल खुपसल्या आणि झाकण दाबून बसवलं. खूश दिसत होता. कपड्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकतात, तसंच त्याला हे वाटलं असणार. केजच्या दुकानदारानं नळीतून सुट्या काढून दिल्या होत्या. नळीवर काय लिहिलं होतं ते नळीबरोबर दुकानातच राहिलं.

थोड्या वेळानं प्रणिता आणि बाळ परत येऊन निजले. धुरी झाली. घोंगडी ओढली गेली.

मित्रांनो, मला पोटात काहीतरी जाणवू लागलं. दाण्यातल्या ओलीनं त्या गोळ्या फुलत होत्या, त्यांची भुकटी होत होती, आणि त्यातून एक हवा सुटत होती. रंग नाही, धूर नाही. वास होता, पण तो लसणासारखा. आणि खोलीत लसूणच जळाला होता. ती हवा दाण्यादाण्यातून खाली उतरत माझ्या झडपेपाशी आली. जिथून दाणा निसटत नव्हता, तिथून ती निसटू लागली. पोटात सोंडे पटापट मरत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त बाजेवरचा तो इवलासा श्वास ऐकू येत होता.

आधी मांजरीची पिल्लं गप्प झाली. ती जमिनीलगत होती, आणि ती हवा जड, खालीच साचणारी.

मग प्रणितानं कपाळ धरलं. तिला ओकारी आली. शांतादेवी धावत आल्या, पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "वारं लागलं तुला. मी सांगत हुते, न्हाताना दार लावून घे." आणि त्यांनी काय करावं? खिडकीच्या फटीत आणखी एक चिंधी कोंबली. लेकीवरच्या मायेनं, दोन्ही हातांनी, घट्ट. दृष्ट लागली असेल म्हणून लसणाची सालं निखाऱ्यावर पुन्हा टाकली. त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. मला ओरडायचं होतं. मला धाडकन आडवं पडायचं होतं. पोटात पोतीच्या पोती ज्वारी, मी हलणार कशी? मी नुसती उभी राहिले आणि माझ्यातून ते निसटत राहिलं.

शांतादेवी बाहेर निघाल्या तेव्हा मांजरी सांदीतून बाहेर आली. तिचे पाय तिच्या ताब्यात नव्हते. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच कोसळली. शांतादेवींनी तिला पाहिलं, मग वाकून माझ्यामागं पाहिलं. सगळी पिल्लं आडवी. त्या सावकाश सरळ झाल्या आणि दुकानाकडे तोंड करून म्हणाल्या, "सिद्धा, कोठीत काय घातलंस का रं?"

"गोळ्या घातल्या. सोंड्याच्या," बाहेरून आवाज आला. "कावून?"

ज्या बाईनं झुळूकसुद्धा आत येऊ दिली नव्हती, तिनं ती घोंगडी उपटून काढली, बाळाला उचललं आणि भर वाऱ्यात अंगणात धावली. "तिला आन," एवढंच म्हणाली. सिद्धारामानं बहिणीला उचलून बाहेर नेलं. तिला धापा लागल्या होत्या, पण ती हलत होती. बाळ हललं नाही. मला दारातून अंगणाची पट्टी दिसत होती. शांतादेवी बाळाच्या तळव्यांवर चापट्या मारत होत्या, तोंडावर पाणी शिंपत होत्या. रुद्रप्पांनी रस्त्यावरची जीप थांबवली, आतली माणसं खाली उतरवली, आणि सगळे केजकडे गेले. ते निघाले तोवर मला बाळाचं रडणं ऐकू आलं नव्हतं.

मग घर रिकामं झालं. केजहून त्यांना अंबाजोगाईला नेलं, एवढं शेजारणींच्या बोलण्यातून कळलं. पुढचं काहीच नाही. कोठीला निरोप कोण सांगणार? रोज कोणीतरी येऊन गाईला वैरण टाकून जायचं, आणि मी पावलांच्या आवाजावरून ओळखू पाहायची की हे सुतकाचं चालणं आहे की साधं.

एका दुपारी अंगणातून बाळाचं रडणं आलं. बारीक, चिरकं, मध्येच शीळ वाजल्यासारखं. मी इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही. प्रणिता वाचली. बाळ वाचलं, पण थंडी पडली की त्याला धाप लागू लागली. त्याचं नाव रुद्राणी ठेवलं.

माझी ज्वारी खड्ड्यात पुरली. मला दोरांनी ओढून गोठ्यात टाकलं. गावात माझं नाव पडलं, विषाची कोठी. कोंबड्या माझ्यावर बसायच्या, शेळी पाठ खाजवायची. सिद्धाराम वैरण घ्यायला यायचा, पण माझ्याकडे पाहायचा नाही. मला राग आला नाही. माझीही मला भीतीच वाटत होती. घरात पुन्हा पोती आली, राख आली, आणि सोंडेही आले. दरवर्षी निम्मी ज्वारी पिठासारखी होऊन उकिरड्यावर जायची. पण कोणी कुरकुरलं नाही. राख कचकचली तरी सिद्धाराम मान खाली घालून खायचा.

वर्षं गेली. रुद्राणी दहा-अकराची झाली आणि सुट्टीत आजोळी येऊ लागली. अशाच एका सुट्टीत सत्यभामा आली. ती तेलगावच्या एका ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, शेतकी विद्यापीठात संशोधन करणारी. तिला खेड्यातल्या घरात प्रयोगासाठी बंद झाकणाची कोठी हवी होती. रुद्रप्पांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. सत्यभामानं माझ्यावरची कोंबडी हाकलली आणि पिशवीतून एक बरणी काढली. आत पांढरी पूड होती. इतकी बारीक की बरणी हलवली तर ती पाण्यासारखी डुलायची.

"ही उसाच्या चिपाडाच्या राखेतून काढलीय," ती म्हणाली. "आमी हिला नॅनो म्हनतो. म्हंजी लई बारीक. तुमच्या केसाच्या जाडीत हिचे हजारो कन मावतील. सोंड्याच्या अंगाला तेलकट थर असतो, ती खरवडून काढते. किडा वाळून मरतो. विष न्हाई, वायू न्हाई. तुमी राख घालायचा ना आजी, तीच. फक्त लई बारीक केलेली."

शांतादेवींनी बरणीला हात लावला नाही. "श्वासात गेली तर?" त्यांनी विचारलं.

सत्यभामानं बरणी खाली ठेवली. खोटं बोलली असती तर सोपं गेलं असतं. "ते अजून पुरतं कळलेलं न्हाई," ती म्हणाली. "म्हनून मिसळताना तोंडाला फडकं बांधायचं, उघड्यावर मिसळायचं, अन् लेकरं लांब."

"हे त्या दुकानदारानं सांगितलं असतं तर," शांतादेवी म्हणाल्या. मग त्यांनी रुद्राणीला शेजारच्या घरी पाठवलं. पूड खळ्यावर, माझ्यात भरायच्या ज्वारीत मिसळली. मला घासून, उन्हात तापवून गोठ्यातच उभं केलं. घरात नाही. आणि झडपेची फट शेण-मातीनं लिंपून टाकली.

पुन्हा पोटात काही नवं. मी रोज कान देऊन बसायची. हवा सुटत नव्हती. सोंडे हळूहळू थांबत होते. तरी रुद्राणी वैरणीला आली की माझा जीव वरखाली व्हायचा. तिचा शीळ वाजल्यासारखा श्वास मला लांबूनच ओळखू यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत सत्यभामानं मला उघडलं. दाणा जसाच्या तसा. तिचा चेहरा उजळला. ज्वारी पाखडली, धुतली, वाळवून दळून आणली. शांतादेवींनी चुलीवर पहिली भाकरी टाकली. रुद्राणी ताटली घेऊन पुढं आली.

"तू न्हाई," शांतादेवी म्हणाल्या. "आदी मी खाते. चार रोज जाऊ दे. मला काय झालं न्हाई, तर मग तू."

"आजी, पोटात गेल्यानं काय होत न्हाई, तपासलंय," सत्यभामा हळूच म्हणाली.

"तपासलं असंल, माय. त्या गोळ्या बी कुनीतरी तपासल्याच असतील. पर माझ्या घरात कोन निजलंय, हे त्यानं कुठं तपासलंतं?"

सत्यभामानं हात धुतले, शांतादेवींच्या शेजारी बसली आणि त्यांच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली. "मग मी बी तुमच्यासंगं," ती म्हणाली. दोघी चुलीपुढं बसून खात होत्या आणि दारात रुद्राणी रिकामी ताटली धरून उभी होती. गोठ्यातून मला तिघी दिसत होत्या. मी एकेका घासाला भीत होते.

त्यांना काही झालं नाही. पाचव्या दिवशी रुद्राणीनं भाकरी खाल्ली. तरी मी अजून गोठ्यातच आहे, आणि शांतादेवी मला आत घेणार नाहीत. मला ते मान्य आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूनं म्हणायचं असतं, मला जपा, मला रंग द्या. मी ते म्हणणार नाही. मी पत्रा आहे, आज ना उद्या भंगारात जाईन. नवं काही घरात आणायला माझी ना नाही. पण पुडी सोडण्याआधी त्या खोलीत कोण निजतं ते पाहा, आणि देणाऱ्याला विचारा. त्याला उत्तर येत नसेल तर आणखी विचारा. त्या दिवशी त्या खोलीत सगळं ठाऊक असलेली एकटी मी होते, आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.