बिनकडीचं दार

जनीच्या भावानं, अनंतानं लाथा घालून खोलीचं दार उघडलं, तेव्हा कडीसकट चौकटीची ढलपी निघून आली. आत तिचा मुलगा ऋत्विक विष पिऊन जमिनीवर निपचित पडला होता. अलिबागच्या दवाखान्यात तो वाचला. गावात मात्र जनीनं सांगितलं, बाहेरचं काहीतरी खाऊन पोट बिघडलं.

म्हसळ्याच्या घाटात त्याची मोटारसायकल घसरली होती आणि मागं बसलेला त्याचा मित्र गणराज जागीच गेला होता. त्या दिवसापासून ऋत्विक बोलेनासाच झाला होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी जनीला बाजूला घेतलं. "आतून लागणारी कडी ठेवू नका."

जनी तर दारच काढून पडदा लावायला निघाली होती.

"मंग मी कपडे कुठं बदलू? अंगणात?" ऋत्विक म्हणाला.

कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून एवढे शब्द निघाले होते. जनीनं पडदा ठेवून दिला आणि ती बाजारात गेली. दार मिटून राहील पण आतून अडणार नाही, असं काहीतरी तिनं मागितलं. दुकानदारानं बॉल कॅच दिला. बोटभर पितळी नळी, तिच्या तोंडाशी स्प्रिंगवर दबणारी गोळी. नळी दाराच्या कडेत बसवायची, समोर चौकटीला खळगा असलेली पट्टी. ढकललं की गोळी आत जाते, दार उघडतं.

सुताराला, दयारामला बोलवायची सोय नव्हती. फुटकी चौकट बघून तो विचारणार, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणार. जनीनं अनंताचं ड्रिल आणलं, पण ते तिला नीट धरता येईना. टोक दोनदा घसरलं. खाटेवरून बघत असलेला ऋत्विक उठला आणि त्यानं ड्रिल तिच्या हातातून काढून घेतलं.

भोक पाडून त्यानं नळी ठोकून बसवली. गोळीला काजळ लावून दार मिटलं, चौकटीवर जिथं डाग उमटला तिथं पट्टी आवळली.

"मी आत थांबतो. तू बाहेरनं ढकल."

दार खट्‌कन लागलं. जनीनं ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं.

"ऋत्विक?"

आतून आवाज नाही.

"ऋत्विक, बोल रे."

तिनं दोन्ही तळवे आपटले, मग सगळं अंग टाकलं. दार उघडलं आणि ती धडपडत आत गेली. तो पेचकस घेऊन भिंतीशी उभा होता.

"गोळी जास्त बाहेर राहिली," तो म्हणाला. मग त्यानं आईचं तोंड पाहिलं आणि मान खाली घातली.

त्यानं नळी काढली, पटाशीनं खाच खोल केली, पुन्हा बसवली. आता एका बोटानं दार उघडत होतं. जनी तरी उघडझाप करत राहिली.

"पुन्हा करशील तसं?" तिनं दाराकडं बघतच विचारलं.

तो लाकडाचा भुसा पायानं गोळा करत होता.

"आज न्हाय," तो म्हणाला.

तिला 'कधीच न्हाय' ऐकायचं होतं. ती उंबऱ्यावर बसली.

"बरं. उद्या परत इचारीन."

"इचार," ऋत्विक म्हणाला आणि केरसुणी आणायला गेला.