चूलबंद आवतण

“मंग मला एवढंच सांगा पाळकसाहेब, हे आवतण चूलबंद हाय का घरटी एक?”

कमलम्मांच्या या प्रश्नावर बुधवारच्या बायबल अभ्यासाला बसलेले आम्ही सगळे हसलो. निलंग्याकडे लग्नाचे आवतण दोन तऱ्हांचे असते. घरटी एक म्हणजे घरातून एकानेच जेवायला यावे. चूलबंद म्हणजे सगळ्यांनीच यावे, त्या दिवशी घरी चूल पेटवूच नये. आमच्या चर्चचे नवे पाळक अंगद शहरात वाढलेले. ते म्हणाले, “मावशी, आपण आत्म्याच्या तारणाचं बोलतोय, जेवणाचं नाही.”

“तेच की. आमचे हे भाईर बसतेत. त्यांला आवतण हाय का न्हाई?”

हसू थांबले. ‘हे’ म्हणजे रामलिंगअप्पा, एसटी डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. जातीने लिंगायत. कमलम्मा दवाखान्यात आया होत्या. दोन्ही घरांचा विरोध पत्करून झालेले हे लग्न आता म्हातारे झाले होते. दर रविवारी अप्पा बायकोला स्कूटरवर घेऊन येत आणि उपासना संपेपर्यंत चर्चबाहेरच्या कडुलिंबाखाली बाकावर बसून राहत. आत का येत नाही विचारले, तर गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणत, “आईनं बांधलंय हे. काढून ठिवू कुठं?” येत्या सोमवारी लातूरला त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन होते. कमलम्मांना उत्तर त्याआधी हवे होते.

पाळकसाहेब प्रामाणिक माणूस, त्यांनी टाळाटाळ केली नाही. देवाने काहींना जग निर्माण होण्याआधीच निवडले आहे आणि ख्रिस्ताचे रक्त सांडले ते त्यांच्यासाठी, असे त्यांनी मोबाईलवर वचने काढून हळू आवाजात सांगितले. “निवड नसेल, तर बोलावणं ऐकूनही माणूस येत नाही, मावशी.”

“मंग बोलवायचं कशाला?” चर्चचे जुने पंच व्यंकटराव खवळले. “गावभर हलगी वाजवायची, अन् माणूस मांडवात आला की म्हणायचं, तुझं पान न्हाई! असलं लगीन आमच्याकडं हुत न्हाई.”

“पण सगळेच तारले जाणार असतील, तर विश्वासाला अर्थ काय राहिला?” पाळकसाहेब म्हणाले.

“सगळे जेवतेत असं कुठं म्हणलं म्या? आवतण सगळ्यांला हाय म्हणलं. कुणी रुसून घरीच बसला, तर त्याला काय करावं?”

कमलम्मा माझ्याकडे वळल्या. “मास्तर, तुमचा जलम लायब्ररीत गेला. तुमी सांगा.”

मी उभा राहिलो. दोन्ही बाजूंची वचने मला पाठ आहेत आणि माझी अडचण तीच आहे. “दोन्हीकडं लिहिलेलं आहे,” एवढेच कसेबसे बोललो आणि बसलो.

“झालं!” व्यंकटराव म्हणाले. “मास्तरनं पुस्तक परत जमा केलं.”

सगळे हसले. मीही हसलो. कमलम्मा मात्र हसल्या नाहीत.

निघताना पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतले. रविवारी प्रभुभोजन होते, म्हणजे ख्रिस्ताच्या बलिदानाची आठवण म्हणून भाकरीसोबत पेलाभर रस घेण्याचा विधी; पेल्यांचे ट्रे लावायचे काम माझे. “काका, तुम्ही दर वेळी पूर्ण ट्रे भरता, निम्मे पेले उरतात. घेणारे जेवढे, तेवढेच भरत जा.” मी मान हलवली. बहुतेक वेळा मी मानच हलवतो.

रविवारी सकाळी चर्चमागच्या खोलीत कमलम्मांनी पातेल्यावरचे फडके काढले. प्रभुभोजनाचा रस त्याच करत. काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, पातळ कापडातून गाळायचे. अंगठ्याएवढे काचेचे पेले मी ट्रेच्या भोकांत बसवत होतो आणि त्या भरत होत्या. निम्मा ट्रे झाल्यावर मी घसा साफ केला.

“कमलम्मा, एवढेच पुरे म्हणालेत पाळकसाहेब.”

त्यांचा हात थांबला. खिडकीतून रामलिंगअप्पा दिसत होते. रुमालाने बाक झटकून ते नुकतेच बसले होते.

“मंग ह्यांचा पेला बी ऱ्हायला म्हणा की.”

“अप्पा कुठं पितात?”

“प्येत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “पर भरलेला असतोय.”

मी पुढचा पेला ट्रेमध्ये बसवला. मग त्यापुढचा. असा सगळा ट्रे भरला.

वेदीपाशी पाळकसाहेबांनी ट्रेवरचे पांढरे कापड उचलले, पेले पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. आपण करतो आहोत ते बरोबर की चूक, हे मला तेव्हाही कळत नव्हते आणि आज लिहितानाही नक्की सांगता येत नाही. माणसे पुढे येऊन गुडघे टेकत गेली. सगळ्यांत शेवटी कमलम्मा आल्या. निम्मे पेले उरले.

उरलेला रस मोरीत ओतायचा नाही, तो झाडाच्या बुंध्याशी मातीत द्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. ते काम माझे. त्या दिवशी मी पेले एका वाडग्यात रिकामे करत होतो, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, “काका, द्या इकडं.” वाडगा घेऊन ते बाहेर निघाले. आता बोलणी बसणार, असे धरून मी मागे गेलो. कमलम्माही आल्या.

रामलिंगअप्पांनी नेहमीप्रमाणे पाय उचलून बाकावर घेतले. पवित्र वस्तूला पाय लागू नये म्हणून माती वाळेपर्यंत ते पाय वरच ठेवत.

“आला का आमचा वाटा? अन् आज पाळकसाहेब सोता वाढायलेत!”

“दर वेळी इतकाच उरतो का, अप्पा?”

“हाव. लिंब बघा की कसला माजलाय. ह्याचं तारण कवाच झालं.”

“री, गप बसा!” कमलम्मा म्हणाल्या. त्यांच्या कर्नाटकातल्या माहेरी नवऱ्याला अशीच हाक मारतात.

पाळकसाहेब हसले. “मावशी, बुधवारी सांगितलं ते मला आज बदलता येत नाही. माझं वाचन अजून चालू आहे. पण उद्या लातूरला गाडी मी आणतो. ऑपरेशन होईपर्यंत थांबतो.”

“बरं झालं,” अप्पा म्हणाले. “मी स्कूटरच काढणार हुतो.”

“काढा की, बघते मी!”

पाळकसाहेबांनी खाली वाकून बुंध्याभोवती रस ओतला. माती भराभर तो पीत गेली. मागे जांभळा ओलावा आणि मनुक्यांचा वास राहिला. पाळकसाहेबांनी रिकामा वाडगा माझ्या हातात दिला. पेले धुवायला आत जाता जाता कमलम्मा थांबल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “पाय खाली घ्या री. अवघडले असतील.”

“अगं, वली हाय अजून.”

“असू द्या. घ्या खाली.”

अप्पांनी एकदा बायकोकडे पाहिले. मग वाकून ओल्या मातीला बोट लावले, ते कपाळाला नेले, चपला बाजूला सारल्या आणि दोन्ही अनवाणी पाय हळूच तिथे टेकवले.