बंद केलेला आवाज

मीटिंग चालू असतानाच निशिगंधाने टेबलाखाली फोन उघडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळण्यावरच्या कॅमेऱ्यात तिची सात महिन्यांची संहिता पाय झाडत, जिवाच्या आकांताने रडत होती. खोलीत कोणी नाही. अंबरीश आज घरूनच काम करत होता. तिने त्याला फोन लावला, पुन्हा लावला. त्याने उचलला नाही.

"मला घरी जायला हवं," एवढं म्हणून ती उठलीच. नेदरलँड्समधल्या हेगच्या ऑफिसातून शेजारच्या रायस्वाइकमधल्या घरापर्यंत समोरून वारा होता. नवऱ्याला काय काय बोलायचं ते मनात घोळवत तिने सायकल दामटली.

अंबरीश खाली लॅपटॉपसमोर, कानांवर हेडफोन लावून बसला होता. ती धाडधाड वर गेली. संहिता झोपली होती. पापण्या ओल्या, गालाखालची चादर भिजलेली. झोपेतच मधूनमधून हुंदका येत होता.

"पाहिलंस?" मागून येऊन अंबरीश कुजबुजला. त्याला आनंद लपवता येत नव्हता. "आपली आपण झोपली! माझ्या ऑफिसातला यशोधन म्हणालाच होता, थोडे दिवस मन घट्ट केलं की शिकतात मुलं."

तिने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. "हे आपण कधी ठरवलं?"

"तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"अगं, मलाही त्रास झाला. ऐकवेना, म्हणून तर कॅमेऱ्याचा आवाज बंद केला."

"तुला ऐकवेना, तू आवाज बंद केलास. तिने काय बंद करायचं होतं, अंबरीश?"

त्याने खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. मग म्हणाला, "बाळाच्या तपासणीला नर्सच म्हणाली होती ना, जागी असतानाच खाली ठेवा म्हणून."

"जवळ थांबा, असंही म्हणाली होती. तेवढं बरं विसरलास!"

संहिताने आपली आपण झोपायला शिकावं, हे निशिगंधालाही हवंच होतं. लेकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारून तिची पाठ मोडून गेली होती. म्हणून तर तिचा संताप आणखीच उसळत होता. शिकवायचं सोडून हा माणूस दार लावून निघून गेला होता.

संध्याकाळच्या झोपेला तिने पाळण्याशेजारी खुर्ची ठेवली. "बस. खाली ठेव, पण इथून हलायचं नाही. हेडफोन इकडे दे."

खाली ठेवताच संहिताने भोकाड पसरलं. अंबरीशने पाठीवर हात ठेवला. "बाबा आहे गं, इथेच आहे." रडणं वाढलं. त्याने उचललं, शांत केलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. दाराबाहेर उभी निशिगंधा दोनदा पुढे झाली, पण आत गेली नाही.

बऱ्याच वेळाने संहिताला स्वतःचा कान सापडला. पाळी चिमटीत धरून ती कुरकुरत राहिली. कुरकुर विरळ झाली, चिमूट सुटली.

अंबरीश बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. "किती रडते गं ती."

"दुपारीही एवढीच रडली. तू ऐकलं नाहीस."

"चुकलं माझं. असं पुन्हा नाही करणार."

"उद्या दुपारीही तूच बसायचंस," ती म्हणाली आणि खाली गेली. राग उतरला नव्हता. तिने चहा टाकला, एकटीपुरताच.