नागलीचा चेहरा

मित्रांनो, माझे झाकण उघडलेत तर आधी डिंकाचा वास येईल, मग खोबरेल तेलाचा, आणि मग कोपऱ्यात अडकलेली एखादी टिकली चमकेल. मी रंगभूषेची पेटी आहे. पत्र्याची, निळ्या रंगाची, एका बाजूने पोचे आलेली. या पोच्यांची मला लाज वाटत नाही. मी कुणाच्या हातात वाढले ते ऐकलेत, तर तुम्हालाही माझा अभिमानच वाटेल.

नाशिकच्या भद्रकालीत एका कारागिराने मला ठोकून तयार केले. सातपूरच्या कारखान्यात कामाला असलेल्या जयरामने मला विकत घेतले आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेले. बायको माझ्यात साड्या ठेवील, असे त्याच्या मनात होते. बायकोने, म्हणजे माझ्या चांगुणाबाईने, मला उघडले, आतून हात फिरवला आणि विचारले, "हिच्यात कप्पे करून मिळतील का?"

"साड्यांना कप्पे कशाला?" जयराम हसला.

"साड्यांना नाय. रंगांना."

तो मला पुन्हा कारागिराकडे घेऊन गेला आणि कप्पे बसवून आणले. माझा खरा जन्म त्या दिवशी झाला, असे मी मानते.

चांगुणाबाई भाड्याने पोशाख देणाऱ्या एका दुकानात काम करत असे. शाळांची स्नेहसंमेलने आली की मालकीणबाई तिला मुलांचे चेहरे रंगवायलाही पाठवत. गालाला लाली, ओठांना रंग आणि राजा असेल तर काजळाची मिशी, एवढ्यावर बाकीच्यांचे भागत असे. तिचे भागत नसे. चेहरा नुसता दिसून उपयोग नाही, तो खरखरीत किंवा खवल्याखवल्यांचा असेल तर तसा हाताला लागला पाहिजे, असे तिला वाटे. ती पातळ कागद चुरगळून म्हाताऱ्याच्या सुरकुत्या उभ्या करी. टिकल्या एकीवर एक लावून माशाचे खवले करी. अस्वलाच्या हनुवटीला काथ्या लावी. झाडाच्या खोडासाठी तिला कांद्याची सालपटे लागत, आणि नाशकात कांद्याच्या सालपटांना काय तोटा! माझा एक कप्पा मात्र तिच्या माहेरच्या नागलीचा होता. तुम्ही तिला नाचणी म्हणत असाल. ते बारीक तांबूस दाणे कपाळावर दाटीने बसवले की चेहरा मातीचाच वाटू लागे.

ही नजर तिला माहेराने दिली होती. तिचे गाव पेठकडच्या डोंगरात. वडील झिपरूबाबा बोहाड्यासाठी लाकडाची सोंगे घडवत, म्हणजे त्या उत्सवात नाचणारे जे मुखवटे लावतात, ते. लहानपणी चांगुणाबाई उंबऱ्यात बसून त्यांचे हात बघत राही. फक्त बघत राही, कारण त्या घरात मुलींनी सोंगाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. लेक नाशकात मुलांच्या चेहऱ्यांना साली आणि दाणे चिकटवते, हे कानावर आले तेव्हा झिपरूबाबा जावयाला म्हणाले होते, "सोंग लाकडाचं असतं. तोंडाला दाणे डकवून सोंग व्हत नाय. तो पोरांचा खेळ हाय."

चांगुणाबाई तिथेच उभी होती. घरी आल्यावर तिने माझा एकेक कप्पा रिकामा केला, पुसला आणि पुन्हा भरला.

नव्वदचे दशक संपत आले होते तेव्हाची गोष्ट. एका शाळेतले धनराज सर बालनाट्य स्पर्धेसाठी एक नाटक बसवत होते. त्यात एक डोंगर बोलत असे. माणसे त्याला खणतात तेव्हा तो रडे आणि पुन्हा गवत उगवते तेव्हा खदखदून हसे. डोंगर झाली होती आठवीतली स्नेहल. चांगुणाबाईने आधी थोडा डिंक तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिला. अंगाला खाज नाही, लाली नाही, याची खात्री झाल्यावरच तिने चेहऱ्याला हात घातला. कपाळावर नागली, गालांवर कांद्याची साल, भुवयांवर भाताचा तूस, आणि दव म्हणून इथे तिथे एखादी टिकली. डोळ्यांजवळ मात्र तिने काहीच लावले नाही. आरशात पाहून स्नेहलने स्वतःच्याच गालाला हलकेच बोट लावून बघितले.

पण तालमीत डोंगर हसला आणि गालाची साल तडकून खाली पडली. मागोमाग नागली ओघळली. समोर बसलेली पोरे दाणे वेचू लागली.

धनराज सरांनी आवाज चढवला नाही. "चांगुणाताई, काम फार सुंदर आहे. पण स्टेजवर डोंगर गळायला लागला तर लोक या पोरीला हसतील. रविवारपर्यंत जमलं तर बघू. नाहीतर मुखवटा लावू."

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आले. "मुखवट्यात माझं हसणं कुणाला दिसणार, मावशी?"

नेमके त्याच आठवड्यात झिपरूबाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने अंधुक दिसे. दुपारी स्नेहल घरी आली. चांगुणाबाई पुन्हा पुन्हा साल लावी, स्नेहल हसे आणि साल सुटे. खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याचा धीर सुटला.

"कसलं सोंग करतीस गं? आण त्या पोरीला हिकडं. मला दिसत नाय, हातानं बघतो."

स्नेहल त्यांच्यापुढे बसली. बाबांनी आपली राठ बोटे तिच्या गालांवर ठेवली, जशी ते लाकडावर ठेवत. "आता हास."

ती हसली आणि बाबांनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"हालतंय की हे!"

"जिवंत हाय बा ते," चांगुणाबाई म्हणाली.

बाबांनी पुन्हा बोटे टेकवली. पोरीला हसवले, रुसायला लावले, जांभई द्यायला लावली. चांगुणाबाई त्यांच्या बोटांकडे बघत होती. हसताना काही बोटे जागची हलत नव्हती, आणि काही वर उचलली जात होती: नाकाच्या बाजूला, ओठांच्या कडेला, गालाच्या खळीत. एकदम ती माझ्याकडे वळली आणि काजळाची कांडी उचलून तिने नेमक्या त्या जागांवर रेघा ओढल्या.

"बा, जिथं घडी पडते तिथं काय लावायचंच नाय. घडी मोकळी सोडायची. साल अख्खी नको, बारीक तुकडे करून घड्यांच्या मधे बसवायची."

"आन् मोकळ्या जागेचं काय करशील?"

"तिथं नुसती काव लावीन, तांबडी माती. डोंगराला घळी असतातच की."

म्हातारा पुटपुटला, "तुकडा कापू नको. हातानं फाड. फाडलेली कड बसती नीट."

रविवारी नाट्यगृहाच्या मेकअपच्या खोलीत मी उघडी होते आणि उघड्या दारातून मला रंगमंच दिसत होता. पडदा उघडला. डोंगर बोलला, डोंगर रडला. शेवटी डोंगर हसला, आणि मित्रांनो, सगळा चेहरा घळीघळींनी हलला, पण एक दाणा खाली पडला नाही. टाळ्यांचा आवाज आतल्या खोलीत माझ्या पत्र्याला जाणवला.

त्या नाटकाला रंगभूषेचे बक्षीस मिळाले. ते मोठेच होते. पण माझ्या लेखी त्याहून मोठे ते, जे आधी घडले. जयराम झिपरूबाबांना हाताला धरून आत घेऊन आला. त्यांनी स्नेहलचा चेहरा पुन्हा एकदा चाचपला, मग लेकीकडे तोंड वळवले.

"चांगू, मी जल्मभर लाकडात हसू कोरलं. एकदा कोरलं की तेच. तुझं सोंग त्याला वाटलं तवा हसलं, वाटलं तवा रडलं."

'तुझं सोंग' म्हणाले ते. चांगुणाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि मग, जणू काही झालेच नाही अशी, स्नेहलच्या गालावरचे दाणे सोडवायला बसली.

पुढे नवे शतक आले. चिकटवायची तयार फुले, खवले आणि खडे बाजारात मिळू लागले. दुकानात चकचकीत प्लास्टिकचे डबे आले आणि माझी रवानगी घरच्या माळ्यावर झाली. धूळ बसली, बिजागरी गंजली. खोटे कशाला सांगू, मला वाईट वाटले. आपण नुसता पत्रा उरलो की काय, असे मनात येई.

एका सकाळी शेजारची एक मुलगी रडत घरात आली. कॉलेजच्या कार्यक्रमासाठी तिने गालभर खडे आणि टिकल्या लावल्या होत्या, आणि त्याही पुठ्ठे चिकटवायच्या डिंकाने. आता ते निघत नव्हते. ओढून ओढून तिने एका बाजूची कातडी लाल केली होती.

"हात काढ आधी," चांगुणाबाई म्हणाली. "ओरबाडू नको. अहो, माळ्यावरची माझी पेटी काढा!"

जयरामने मला खाली घेतले. मऊ फडकी, पिसासारखा कुंचला, काड्यांना गुंडाळायचा कापूस, सगळे माझ्यात जसेच्या तसे होते. घरातले खोबरेल तेल तिने किंचित कोमट केले, एकेका खड्याच्या कडेने सोडले आणि थांबली. पुन्हा सोडले, पुन्हा थांबली. उन्हे दारातून आत आली, पुढे सरकली. शेवटचा खडा निघाला तेव्हा ती मुलगी आरशात बघून हसली. गाल लाल होता, पण शाबूत होता.

"काकू, लावायला एवढा वेळ लागला नव्हता."

"लावणं कुणालाही येतं. सोडवणं शिक. उद्यापासून ये."

मित्रांनो, तुम्हीही जरूर चेहरे रंगवा. दाणे लावा, साली लावा, टिकल्या लावा, डोंगर व्हा, मासे व्हा. पण आधी हातावर लावून बघा, डोळ्यांना जपा आणि उतरवताना घाई करू नका. सोंग घटकाभराचे असते, पण त्याच्या खालचा चेहरा तुम्हाला आयुष्यभर पुरवायचा असतो. आणि काम झाले की कुंचले धुऊन, पेटी पुसून ठेवा. आम्ही बोलत नाही, पण आम्हाला कळते.

त्या दिवशी उरलेल्या तेलाच्या बोळ्याने चांगुणाबाईने माझ्या बिजागऱ्या पुसल्या आणि मला खिडकीखाली, हाताशी ठेवले. त्यानंतर मी माळ्यावर गेलेली नाही.