चुकून दिसणारा फोटो

“हात काढ त्या माऊसवरनं! आधी सांग, काय पुसणारायस?”

“आई, कॉम्प्युटरनं साठवलेली जुनी चित्रं. सगळा कचरा आहे.”

“कचरा तू. आणि तुझी ती कमिटी.”

बकुळाबाई आणि त्यांचा मुलगा राजरत्न भांडत होते ते माझ्यावरून. मी एक फोटो बोलतोय. मी कागदावर नाही, भिंतीवर नाही. लोअर परळच्या एका घरात, कॉम्प्युटरच्या पोटात, ठिपक्यांचं धुकं पांघरून झोपलेला असतो. बकुळाबाईंनी वाचनालयाच्या वेबसाइटचं पान उघडलं, की कुणी पापणीवर फुंकर घालावी तसा जागा होतो.

माझा जन्म विहाराच्या पायऱ्यांवरचा. मिलची पहिली पाळी सुटली होती. सहा बायका ओळीनं बसल्या होत्या, केसांत अजून कापसाचे तंतू. बायकांच्या साक्षरता वर्गाचा पहिला दिवस. स्टुडिओवाला म्हणाला, “बायांनो, पुस्तकं वर धरा की!” सहाही जणींनी धरली. कोरड्या पानांवरून ऊन ओघळलं आणि त्यांच्या मांडीवर साचलं. त्या एका क्षणात कुणी श्वास घेतला नाही. तेवढ्यात मी झालो.

पुढं कितीतरी वर्षं चाळीतल्या वाचनालयात काचेआड राहिलो. माझ्या पाठीमागं पाली संसार करत. माणसांची एक खोड तिथं कळली. फोटोसमोर आला की जो तो आधी स्वतःला शोधतो, मग आपल्या माणसाला, आणि मग हळूच विचारतो, यातलं आता कोण कोण आहे? माझ्यातल्या पाच जणी गेल्या. राहिल्या बकुळाबाई.

चाळ पाडली तेव्हा सामानाच्या ओढाताणीत माझी काच, माझा कागद, सगळं हरवलं. नशीब, त्याआधीच राजरत्ननं मला वाचनालयाच्या वेबसाइटवर चढवलं होतं. तेव्हापासून मी केसाएवढ्या काचेच्या तारेतून, उजेड होऊन, चौदाव्या मजल्यावरच्या या नव्या घरात येऊ लागलो. बकुळाबाई सकाळी चहाचा कप घेऊन समोर बसायच्या. आम्ही दोघं तरंगत राहायचो.

गेल्या महिन्यात राजरत्न वाचनालयाच्या कमिटीचा सेक्रेटरी झाला. त्यानं मला उतरवून, माझ्याच फाइलचं नाव देऊन, वाचनालयाच्या नव्या हॉलचा फोटो चढवला. साऱ्या मुंबईला हॉल दिसू लागला. या घरात मात्र मीच! तोही हॉलच्या आडव्या चौकटीत ताणलेला, बायकांची तोंडं भाकरीसारखी पसरलेली.

राजरत्ननं राउटर बंद करून चालू केला. वायर उपटून पुन्हा खोचली. मोबाइलवर पान नीट दिसतंय म्हटल्यावर आणखीच चिडला. शेवटी ब्रॉडबँडवाला दौलत आला. त्यानं वेग तपासला आणि म्हणाला, “लाइन एकदम मक्खन आहे, साहेब. तुमचा कॉम्प्युटर नवीन फोटो मागवतच नाय. साठवलेला जुनाच काढून दाखवतोय. तो उडवा, काम खल्लास.”

बकुळाबाईंनी चष्मा वर सरकवला. “म्हणजे हा फोटो आता बाकी कुठंच नाय?”

“नाय, मावशी. फक्त इथं.”

“राजा, कुणाला विचारून उतरवलास?”

राजरत्न खाली बघत म्हणाला, “आई, तुझं पुस्तक उलटं आहे गं त्यात. लोकं ग्रुपवर हसतात. वाचनालयाचं पान, आणि सेक्रेटरीची आई…”

खोटं नाही ते. डावीकडून दुसऱ्या बकुळाबाई. पुस्तक उलटं, आणि मान अशी ताठ, जणू वाचून संपवलंय. तो वर्ग अकरा दिवस चालला, मग मास्तरांची बदली झाली. पुढचं शिक्षण बाईंनी एकटीनं केलं, बसच्या पाट्यांवर आणि भजी बांधून आलेल्या कागदांवर. राजरत्नचं पहिलीचं पुस्तक त्याच्याआधी त्यांनीच वाचलं.

“हसतात? त्यांच्या आज्या काय कॉलेजात होत्या?”

“मी तुझ्यासाठीच केलं ना!”

“माझ्यासाठी कधी चहा केलायस?”

दौलत खिडकीकडे तोंड करून हसला. पण राजरत्नचं बोट माऊसवरच होतं. मला कडेकडेनं विरघळल्यासारखं वाटू लागलं. पाच जणी एकमेकींच्या जवळ सरकल्या असं वाटलं. भीती नव्हती. मऊ, पांढरं, कापसासारखं काहीतरी चहूकडून येत होतं.

आता मी राजरत्नच्याच हातानं वाचनालयाच्या पानावर परत आलोय, हॉलच्याही वर, माझ्या मापाच्या चौकटीत. तुमच्याही यंत्रात कुणी असं चुकून मागं राहिलं असेल. पुसण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघा, एवढंच मागणं.

तेव्हा राजरत्ननं माऊसवरचं बोट उचललं ते बकुळाबाईंच्या एका वाक्यानं. त्या ओरडल्या नाहीत. पदरानं पडद्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, “उलटं का होईना, आपल्या घराण्यात पुस्तक पहिल्यांदा हातात आलं ते त्या दिवशी, त्याची तुला लाज वाटत असेल, तर पुस.”