बाबांच्या डोक्यातली तार

मी दवाखान्यात रक्त तपासते. तेवीस वर्षं तेच काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं होतं: मन म्हणजे सगळा रसायनांचा कारभार. थायरॉइड बिघडलं की हसरी बाई रडकी होते, सोडियम घसरलं की शहाणासुरता म्हातारा भिंतीशी भांडतो. हे मी रोज नळीत बघते, त्यामुळे मला कुणी आत्मा वगैरे शिकवू नये.

माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटरला बोलायला शिकवणाऱ्या कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, मेंदू कशाचा बनलाय ते सोडा, कसा जोडलाय ते बघा. तसंच जोडलं तर उद्या यंत्रालाही सुखदुःख होईल.

"पत्र्याच्या डब्याला डोंबलाचं दुःख होणार!" मी म्हणायचे.

"ताई, तुझ्या डोक्यात तरी काय आहे? दीड किलो चरबी."

प्रत्येक जेवणाला हे ठरलेलं. बाबा मधे पडत नसत. ते घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला वाद घालायची सवयच राहत नाही. पण सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी झिजत होत्या. हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं, जणू समजल्यानं हात थांबणार होता. पुढे आई गेली, दुकान बंद झालं आणि गोळ्याही पुरेनाशा झाल्या. शेवटी ऑपरेशन करून मेंदूत दोन बारीक तारा घातल्या आणि छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढी बॅटरी बसवली.

ती आज सकाळी चालू करायची होती. छोटी खोली, एक टेबल, तीन खुर्च्या; भाऊ बाबांच्या मागे उभा. बाबांनी घरून स्वतःचा चिमटा आणि स्क्रूंची डबी आणली होती. डॉक्टरीणबाईंना ते म्हणाले, "मला धावायचं नाही, नाचायचं नाही. एवढा एक स्क्रू उचलता आला की झालं."

तारेच्या टोकाला चार जागा असतात. वीज कुठून सोडायची ते माणसाला समोर बसवून एकेक करून बघतात. बाईंनी हातातल्या पडद्यावर बोट टेकवलं.

बाबांचा चेहरा उतरला. मग डोळे भरले, आणि आई गेली तेव्हा चारचौघांत टिपूस न काढलेला हा माणूस हुंदके द्यायला लागला. "आता काही उरलं नाही गं. मी कशाला राहिलोय?"

"बंद करा ते!" मी ओरडले.

बाईंनी बंद केलं. अर्ध्या मिनिटात बाबा शांत झाले आणि स्वतःच्या ओल्या बोटांकडे बघत राहिले.

वाईट बातमी नाही, भांडण नाही. चिमूटभर वीज, आणि एका माणसाचं अख्खं दुःख उभं राहिलं होतं, खरंखुरं, हुंदक्यांसकट. विजेनं रसायन हललं होतं की रसायनानं वीज, कोण सांगणार? मी भावाकडे बघितलं. तो बाबांच्या पाठीवरून हात फिरवत होता, आणि मला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

"दुसरी जागा बघू," बाई म्हणाल्या.

हात थांबला. हळूहळू नाही, एकदम. बाबांनी चिमटा उचलला, डबीतला तिळापेक्षा लहान स्क्रू धरला आणि हवेत उंच केला. तो जराही हलत नव्हता. भाऊ रडायला लागला, मीही. बाबा मात्र खो खो हसत होते.

"आई असती तर बघत राहिली असती," मी म्हणाले.

"हो ना! गेली बिचारी!" त्याच हसऱ्या तोंडानं ते म्हणाले. "डॉक्टर, हेच ठेवा. फर्स्ट क्लास!"

माझं रडू तिथंच थांबलं. बाईंनीही माझा चेहरा बघितला असावा. त्यांनी तिसरी जागा लावली. हसू ओसरलं, बोटांना थोडा कंप परत आला, स्क्रू दोनदा निसटला. बाबांनी नाकावरचा चष्मा सारखा केला आणि ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "असं का बघताय सगळे?"

चौथ्या जागेनं काहीच झालं नाही. बाई पुन्हा तिसरीवर आल्या. "हाताला दुसरी उत्तम," त्या मला म्हणाल्या. "पण हा आपलाच माणूस आहे की नाही, ते घरच्यांना आधी कळतं. काय करू?"

"बाबा, यातले खरे तुम्ही कोणते?" भावानं विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता.

"हा काय प्रश्न झाला?" बाबा म्हणाले. "घड्याळ उताणं ठेवलं तर पुढे जातं, पालथं ठेवलं तर मागे पडतं, उभं ठेवलं तर तिसरंच काहीतरी. म्हणून काय तीन घड्याळं होतात? तिन्ही कुशींवर तपासायचं, आणि घालणारा जसं घालणार तसं लावून द्यायचं."

"मग यंत्राला... म्हणजे तारेनं एवढं होत असेल, तर यंत्रालाही आतून काही..."

"ते मला कळत नाही. बॅटरीची घड्याळं आली तेव्हा मी दहा वर्षं सांगत फिरलो, यांच्यात जीव नाही. वेळ मात्र ती माझ्यापेक्षा चोख दाखवत होती." बाबा माझ्याकडे वळले. "पण मघाशी मी रडत होतो, तेव्हा तू डॉक्टरांना सांगितलंस, बंद करा. मला नाही विचारलंस. तारेनं असो नाहीतर कशानं, रडणारा मीच होतो की." मग भावाला म्हणाले, "तुझं यंत्र उद्या रडलं, तर निदान विचार त्याला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज शंभर माणसांचं रक्त बघते मी. त्यातल्या एकालाही कधी विचारलं नव्हतं, तुम्हाला कसं वाटतंय? आकडा कळला की माणूस कळला, असंच धरून चालले होते. समोर माझेच बाबा बसले होते, आणि त्यांच्या आत काय आहे याचा मला थांगही नव्हता. भीती वाटली, आणि देवळात वाटावं तसं काहीतरीही वाटलं.

बाई अजून माझ्याच उत्तराची वाट बघत होत्या. मी खुर्ची बाबांसमोर ओढून बसले.

"बाबा, तुम्ही सांगा. कोणतं ठेवायचं?"

त्यांनी टेबलावर पडलेल्या स्क्रूकडे चिमटा नेला. तो पुन्हा एकदा उचलायचा प्रयत्न केला. निसटला. त्यांनी चिमटा पुसला आणि माझ्या हातात दिला.

"हे, आत्ताचं," ते म्हणाले. "त्या दुसऱ्यात तुझी आई आठवत होती, पण दुखत नव्हतं."