डॉक्टर आणले कुठून?

माझी मैत्रीण न्यायाधीश झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बरं झालं. आता जेवताना तरी तुमची टकळी बंद राहील." वहिनींची जीभ तिखट आहे, पण बोलल्या ते खरं झालं. कोर्टाच्या मागच्या वकीलखोलीत आम्ही दोघी वीस वर्षं एकाच टेबलावर बसलो. तिथेच डबे उघडले, तिथेच एकमेकींच्या अशिलांना नावं ठेवली. जुने वकील आम्हाला जोडगोळी म्हणायचे.

मग ती वर गेली. वर म्हणजे जेमतेम दोन जिने, पण न्यायाधीशाने वकिलांत मिसळायचं नाही, हे सोवळं आमच्या धंद्यात फार कडक. ती तिच्या दालनात एकटी जेवू लागली आणि मी खाली. व्हरांड्यात गाठ पडली तर ती मान हलवायची, मी वाकायचे. त्या वाकण्याची मला चीड यायची. घरी वहिनी विचारायच्या, "बोलली का आज?" मी म्हणायचे, "हो, मानेने."

त्यातच नदीपलीकडच्या दवाखान्याची बातमी आली. शहरात एकच मोठं रुग्णालय ठेवायचं आणि पलीकडचा छोटा दवाखाना बंद करायचा, असा ठराव नगरपालिकेने केला होता. दवाखान्याला टाळं लागलं आणि त्याच आठवड्यात एक बाई पुलावरच बाळंत झाली. दोघं वाचली ते नशीब. मैत्रिणीने ती बातमी वाचली आणि कोणी अर्ज केलेला नसताना स्वतःहून दखल घेतली. ठरावाला स्थगिती दिली, टाळं काढायला लावलं. अशा प्रकरणात अर्जदारच नसतो, म्हणून कोर्ट एखाद्या वकिलाला मदतीला नेमतं. तिने मला नेमलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दवाखान्यासाठी झाला तसा माझ्यासाठीही झाला. दर सोमवारी तिच्यासमोर उभं राहायचं, तिने विचारायचं, मी सांगायचं. आम्हा दोघींना तेवढंच बोलणं उरलं होतं.

नगरपालिकेचा वकील हुशार होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ठराव लोकांनी निवडून दिलेल्या सभेने केलाय. लोकांना पटला नाही तर ते आम्हाला घरी बसवतील. न्यायालयाला घरी कोण बसवणार?"

"तुम्हाला घरी बसवायला लोकांना निवडणुकीपर्यंत थांबावं लागेल," ती म्हणाली. "बाळंतपणाला थांबता येत नाही."

सगळं कोर्ट हसलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ते ठळक छापून आलं. मीही हसले होते, पण त्या वकिलाचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना.

पुढे ती त्या दवाखान्यात गुंततच गेली. खाटा किती, नळाला पाणी आहे का, भिंतींना रंग कधी देणार. एका सोमवारी तर अख्खी सुनावणी पडद्यांवर गेली. नगरपालिकेचा अधिकारी कापडाचे नमुने घेऊन उभा होता आणि ती एकेक हात लावून बघत होती. मला तेव्हा तिची दया आली. घरी तिची वाट बघणारं कोणी नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच दिवशी तिने आदेश दिला की दोन डॉक्टर आठवड्याच्या आत तिथे हजर झाले पाहिजेत. ते झाले. आणले कुठून, हे तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी एक गवंडी माझ्या टेबलापाशी आला. खाणीवरच्या वस्तीत राहणारा. बस म्हटलं तरी बसला नाही.

"आमचा डॉक्टर तुमच्या कोर्टाने नेला, ताई."

"कोर्टाने कसा नेला?"

"साहेब म्हणाले, हुकूम आहे. आमच्याकडे एकच होता. पोरीला दम्याचा झटका आला तर त्याच्या खोलीला कुलूप. हातगाडीवर घालून खाली आणली."

"कशी आहे आता?"

"आहे. पण पुढच्या खेपेला हातगाडी वेळेवर पोचेल का, ते सांगता येत नाही."

सोमवारी कोर्टात या, असं मी त्याला सांगितलं.

त्याच संध्याकाळी घरी फोन आला. तीच होती. न्यायाधीश झाल्यापासून पहिल्यांदा.

"गुडघा कसा आहे गं तुझा?" तिने विचारलं.

"कुरकुरतो."

"जेवलीस?"

"अजून नाही. तू?"

"मला काय, केव्हाही जेवलं तरी तेच." मग म्हणाली, "आज गाडी मुद्दाम पुलावरून घ्यायला लावली. दवाखान्यासमोर बायका रांगेत उभ्या होत्या, पोरंबाळं घेऊन. काचेतून बघितलं. इतकी वर्षं निकाल दिले, पण आपण कोणाच्या उपयोगी पडलो असं आज वाटलं बघ."

गवंड्याचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर तिने सोमवारी गुपचूप सुधारून घेतलं असतं, चारचौघांत शोभा झाली नसती. पण कोर्टातली गोष्ट कोर्टात, दुसरी बाजू ऐकत असताना सांगायची. हे आम्ही दोघींनीच किती नव्या वकिलांना बजावलं होतं.

"प्रकरणाबद्दल फोनवर नको," मी म्हणाले.

"मी कुठे प्रकरणाबद्दल बोलतेय?"

तिने उत्तराची वाट बघितली.

"बरं, ठेवते," ती म्हणाली. मला रडू आलं. वहिनींनी ताट वाढलं, पण एक अक्षर विचारलं नाही.

सोमवारी मी उभी राहिले. गवंडी मागच्या बाकावर होता. "न्यायालयाने दोन डॉक्टर मागितले," मी म्हणाले. "नगरपालिकेने एक मोठ्या रुग्णालयातला दिला आणि एक खाणीवरच्या वस्तीतून उचलला. तिथे दुसरा नाही. नगरपालिकेच्या सभेत त्या वस्तीचा निदान एक सदस्य बसतो. इथे त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं, आणि मलाही ते सुचलं नाही." मग मी मुलीचं सांगितलं.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी. दुपारी."

तिचे कान लाल झाले. तिच्या मनाला लागलं की तिचे कान लाल होतात, हे त्या खोलीत माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. गवंड्याला पुढे बोलावून तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग टंकलेखकाला म्हणाली, "घ्या."

वस्तीचा डॉक्टर आजच्या आज परत जावा. नदीच्या दोन्ही बाजूंच्या आणि खाणीवरच्या लोकांचं ऐकून नगरपालिकेने नव्याने ठरवावं, तोवर दवाखान्याला टाळं लावू नये. कोणता डॉक्टर कुठे बसवायचा, हे न्यायालयाचं काम नाही. तो आदेश मागे घेण्यात येत आहे. हे सगळं ती एका सुरात बोलली. मी मनात म्हटलं, आपण दोघी सुटलो.

"पुढे घ्या," ती म्हणाली. "न्यायालयाच्या मदतीला नेमलेल्या वकिलांनी आणि मी वीस वर्षे एकत्र काम केले आहे. त्यांची नेमणूक करताना मी प्रकरणाचा विचार केला, तसा माझ्या एकटेपणाचाही केला. शुक्रवारी मी त्यांना घरी फोन केला. प्रकरणाबद्दल बोलण्यास त्यांनी नकार दिला."

टंकलेखकाचे हात थांबले.

"लिहा," ती म्हणाली. "हे प्रकरण यापुढे दुसऱ्या न्यायाधीशांसमोर चालावे. या वकिलांना नेमणुकीतून मुक्त करण्यात येत आहे. त्या यापुढे माझ्यासमोर कोणत्याही प्रकरणात उभ्या राहणार नाहीत."

ती उठली तसे आम्ही सगळे उठलो. माझ्याकडे न बघता ती मागच्या दाराने आत गेली. तिने योग्य तेच केलं होतं. तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तरीही मला तिचा भयंकर राग आला.

व्हरांड्यात गवंडी माझ्या मागोमाग आला. "ताई, झालं ना काम?"

"झालं. डॉक्टर आजच येईल."

"मग पुढच्या सोमवारी?"

"तुम्हाला यायची गरज नाही."

"आणि तुम्हाला?"

"मलाही नाही."

त्याचा चेहरा खुलला. "बरं झालं, ताई," तो म्हणाला. "तुमचीही खेप वाचली."